चौसष्ट केबीची खिडकी

रक्तपेढीतल्या कॉम्प्युटरची अक्कल सहाशे चाळीस केबी मेमरीत संपायची, आणि रक्तदात्यांची यादी तर मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली. म्हणून तिथला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंनी त्यात जास्तीच्या मेमरीचं कार्ड बसवलं. पण त्या मशीनला ते सगळं एकदम दिसेल तर शपथ! चौसष्ट केबीची एक खिडकी, तिच्यात एका वेळी यादीची चारच पानं मावायची. पाचवं हवं असेल तर आधीचं एक काढायचं, कोणतं काढलं ते टिपून ठेवायचं आणि काम झालं की परत जागच्या जागी लावायचं. विसरलात, तर एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा रक्तगट.

ही पानांची अदलाबदल ताईंनी प्रोग्रॅममध्ये त्रेचाळीस ठिकाणी लिहिली होती, आणि ती समजावणारी एक ओळही कुठे कागदावर नव्हती. तेव्हा हुशारी मिरवायची हौस होती. आता त्याच हुशारीची गळ्यात धोंड झाली होती.

नवरा आणि सहा वर्षांची लेक दुसऱ्या गावी. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर दोन वर्षं पडून. साहेबांचं उत्तर ठरलेलं, की तुमच्या जागी कोणी तयार करा, त्याच दिवशी सही करतो. वर कौतुकही करायचे, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही म्हणून. हे त्यांना वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं.

गेल्या रविवारी लेकीने फोनवर विचारलं, तुम्ही कधी येणार. आईला कोणी अहो-जाहो करतं का? ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि तिथेच रडल्या.

हाताखाली होती ती नवी. नोकरीला आठ महिने झाले तरी सगळे तिला नवीच म्हणत. ताई रोज समजावायच्या, ती नंदीबैलासारखी मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग ताई दोन दिवस तापाने घरी राहिल्या. परत येऊन बघतात तर प्रोग्रॅममध्ये बदल. मधेच प्रिंटर सुरू झाला तर जुनं पान परत लागत नसे, ही ताईंची स्वतःची चूक कोणीतरी सुधारली होती, आणि तीही त्यांना सुचलं नसतं इतक्या सफाईने.

त्यांनी नवीला जिन्यात गाठलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," ती म्हणाली. "पण कळलं म्हटलं की तुमच्या खुर्चीत मी. मला पुढे शिकायचंय, ताई. प्रवेश मिळालाय, शिक्षणाच्या रजेचा अर्ज साहेबांकडे दिलाय."

"मग हात कशाला लावलास?"

"एकाच्या नावापुढे चुकीचा गट आला होता. बघवलं नाही."

ताईंना तिचा रागही येईना. पोरीचं काही चुकलं नव्हतं, हीच तर अडचण होती.

दुपारी साहेबांनी दोघींना बोलावलं. समोर दोन्ही अर्ज होते. त्यांनी ताईंना विचारलं, हिला कितपत जमतं? जमत नसेल तर जाऊ दे शिकायला, उगाच अडवून काय उपयोग. नवी ताईंकडे बघत राहिली.

"जमतं," ताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगलं."

साहेब खूश झाले. त्यांनी एका अर्जावर सही केली आणि दुसरा खणात टाकला. ताईंना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. पण बदलीचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.