टोक सोडायचं नाही

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन पोहण्याच्या तलावाभोवतीची कुंपणं तपासते आहे. पास-नापास दोन्ही करते, पण माझी ख्याती नापास करण्याचीच. उंची चार फुटांना अर्धा इंच कमी भरली, नापास. गजांमधून माझा चार इंची लाकडी चेंडू पलीकडे गेला, नापास. कुंपणाला लागून कुणी हौसेने कुंडी ठेवली, तर ती पोरांची पायरी आहे हे मी एकदा तोंडी सांगते आणि दुसऱ्यांदा लेखी देते. ऑफिसात मागून मला 'कडी' म्हणतात. म्हणोत. कडी लागलेली बरी.

त्यामुळे भाच्याने नवं घर घेतलं आणि मागे तलाव आहे म्हणून फोनवर सांगितलं, तेव्हा मी अभिनंदनाच्या आधी विचारलं, "गेट कुठल्या बाजूला उघडतं?"

"मावशी, जरा माणसांत ये," तो म्हणाला. "रविवारी जेवायला ये, आणि येताना तुझी मापा-हत्यारांची पेटीही आण. तुझं त्याशिवाय पोट भरायचं नाही."

त्याची बायको दारात आली ती तिरकी उभी राहूनच. तिचा एक डोळा माझ्याकडे आणि एक मागच्या खोलीत खेळणाऱ्या लेकीकडे होता. लेक अडीच वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण हाक मारली की ती गिरकी घेऊन उलट दिशेला पळते. हाक म्हणजे पकडापकडीची सुरुवात, असा तिचा पक्का समज आहे.

"तीन आठवडे झाले राहायला येऊन," भाचा म्हणाला, "हिनं बूड टेकलं नाही. भाजीसुद्धा मान वळवून चिरते. एक दिवस बोट आमटीत जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "बोटच जाईल ना."

मला ती त्याच क्षणी आवडली.

कुंपण चांगलं होतं. उभे लोखंडी गज, चढायला आडवं काही नाही. गेट बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी माझ्या खांद्याला लागेल इतकी वर. पण गेट पूर्ण उघडून सोडलं की धाडकन लागायचं आणि चार इंच उघडं ठेवून सोडलं की तिथेच रेंगाळायचं. लोक नेहमी पूर्ण उघडून बघतात आणि खूश होतात. पोर मात्र चार इंचांतून जातं. बिजागरीची स्प्रिंग सैल पडली होती. मी ती पान्याने आवळायला घेतली.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्या धंद्याबाहेर कुणाला ठाऊक नसते. आत-बाहेर करताना आम्ही सगळे गेटात आपली पेटी टेकवून ठेवतो. हातात टेप, वही, पाना असताना दर वेळी कडी कोण उघडत बसणार? काम झालं की पेटी उचलायची, गेट आपोआप लागतं. मात्र परक्या घरी माझं पहिलं वाक्य असतं, "मुलांना आत घ्या आणि दार लावून घ्या." भाच्याकडे मी ते म्हटलं नाही. घरचंच काम होतं ना.

उलट मी भिंगरीलाच कामाला लावलं. कुंपणाच्या बाहेरची बाजू मोजताना टेपचं टोक तिच्या हातात दिलं. "टोक सोडायचं नाही हं," मी म्हटलं. तिने दोन्ही मुठींत ते असं धरलं की बँकेचा पहारेकरीही इतका गंभीर नसेल. मी चालत गेले, आकडा वाचला, "ये आता," म्हटलं की ती टोक घेऊन तुरुतुरु माझ्याकडे यायची आणि मी टेप गुंडाळायची. असं आम्ही सगळं कुंपण मोजलं. मग तिची आई तिला भरवायला आत घेऊन गेली.

स्प्रिंग आवळल्यावर गेट चार इंचांवरूनही लागलं, दोन इंचांवरूनही लागलं. शेवटचं एक माप राहिलं होतं, गेटापासून पाण्यापर्यंतचं. पेटी पुन्हा गेटात टेकवली, माप घेतलं, टेप पेटीवर ठेवला. तेवढ्यात भाच्याने खिडकीतून हाक मारली, "मावशी, गार होतंय सगळं!" मी पाना खिशात घातला आणि आत गेले. मागचं दार ओढून घेतलं. खिटी लावली नाही.

भाच्याची बायको ओट्याशी उभ्यानेच जेवणार होती. मी तिच्या हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं. "बस," मी म्हटलं. "ते गेट आता तुझ्यापेक्षा जास्त जागं आहे. मी सांगतेय ना!"

ती बसली. खिडकीकडे पाठ करून बसली. पहिल्या घासाला तिने डोळे मिटले, आणि मला फार बरं वाटलं. सत्तावीस वर्षांत माझ्या कामाचं असं फळ मी समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत भिंगरीचे ठोकळे खडखडत होते. भाचा चेष्टेत आला होता. "आता सही-शिक्क्यानिशी कागद दे. भिंतीवर टांगतो. आमच्या मावशीनं पहिल्याच फटक्यात कुणाला तरी पास केलं म्हणून!"

"देते की," मी म्हटलं आणि फॉर्म घ्यायला खुर्चीशेजारी हात घातला. तिथे पेटी नव्हती.

पेटी कुठे आहे ते आठवलं, आणि मग कानांना कळलं की ठोकळ्यांचा आवाज केव्हाच थांबला आहे.

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. मागचं दार सताड उघडं होतं. गेट उघडं होतं, पेटी जागच्या जागी, तिच्याशेजारी टेपची डबी. डबीतून निघालेली पिवळी पट्टी फरशीवरून सरळ पाण्याकडे गेली होती. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी उभी होती. पाठमोरी, पायाची बोटं काठाबाहेर. वाकून ती टेपचं टोक पाण्यात बुडवत होती. तिथे खोली सात फूट. ते मापही मीच तासाभरापूर्वी लिहिलं होतं.

माझ्या मागून धावत आलेल्या भाच्याने हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. हाक मारली की ती पळणार, आणि पळायला तिच्यापुढे पाणीच होतं. त्याचे दात माझ्या तळहातात रुतले. त्याची बायको आमच्या मागे होती.

धावण्याची सोय नव्हती. मी गेटात खाली बसले आणि डबी उचलली. मला भीती कशी असते हे ठाऊक आहे असं वाटायचं. लोकांना घाबरवणं हेच माझं काम. मला काही ठाऊक नव्हतं.

"टोक कुणाकडंय?" मी विचारलं. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"माज्याकडं." ती वळली नाही.

"सोडायचं नाही हं."

"नाई."

"ये आता."

"पाणी मोजते."

"झालं मोजून. किती भरलं?"

तिने विचार केला. "पाच." तिला पाचपर्यंतच येतं.

"पाच लिहिते वहीत. आता ये, टोक घेऊन ये. किती ओलं झालं ते दाखव आजीला."

ती वळली. वळताना तिची टाच काठावरून सरकली. पट्टी ताणली गेली आणि तिचा भार माझ्या मनगटाला जाणवला. त्या पातळ पट्टीने बाहुलीसुद्धा सावरली नसती. पण दोन्ही मुठींत टोक होतं म्हणून ती माझ्या बाजूला झुकली आणि फरशीवर बदकन बसली. रडली नाही. उठली आणि टोक उंच धरून चालू लागली. मी पट्टी गुंडाळत होते. नऊ फूट. सात. चार. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, मी आकडेच बघत होते. दोन फुटांवर मी तिला धरलं.

तिच्या आईने तिला माझ्या हातांतून ओढून घेतलं. भाचा गेटावर लाथा घालू लागला. "उद्याच्या उद्या बदलतो हे! तू एवढं आवळलंस, तरी उघडलंच ना भिकारडं!"

त्याने मला सुटायला वाट करून दिली होती. एक क्षण मी त्या वाटेकडे पाहिलंही.

"गेट चांगलं आहे," मी म्हटलं. "मी उघडं ठेवलं होतं. ती पेटी माझी आहे."

त्याने पेटीकडे पाहिलं. मग गेटावर उगारलेला पाय खाली घेतला.

त्याची बायको लेकीला छातीशी धरून गेटाबाहेर फरशीवरच बसली होती. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बस म्हणालात, म्हणून मी बसले."

मी पेटी उचलली. गेट आपोआप मिटलं आणि कडी लागली.

टेपची डबी मात्र माझ्याच हातात होती आणि पट्टी माझ्यापासून त्या दोघींपर्यंत ताणलेली होती. टोक अजून भिंगरीच्या मुठीत होतं. आई तिची बोटं एकेक करून सोडवत होती, तरी ती सोडेना. माझ्याकडे बघत होती, मी काय सांगते म्हणून.