ओळखीच्या माणसांची पतसंस्था

सोमवार, ७ एप्रिल २०२५. सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटे. अकोल्यातील घराच्या ओसरीवर भगवंतरावांनी मोबाइल उघडला आणि अकरा कंपन्यांची नावे वरपासून खालपर्यंत मोजली. अकराही लाल. निवृत्तीच्या रकमेतून गुंतवलेले नऊ लाख आता सात लाख दहा हजारांवर आले होते.

आत सत्यवतीबाई भिंत धरून चुलीकडे निघाल्या होत्या. दिवाळीनंतर अमरावतीला त्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते; खर्च तीन लाख साठ हजार.

मोर्शीहून मुलीचा, आकांक्षाचा फोन आला. “बाबा, घाबरू नोका. भाव पडला, तुमचे शेअर तेवढेच हायेत. गुडघ्यापुरते लागतीन तेवढे इका, बाकीचे राहू द्या.”

“मी घाबरून नाई राहिलो,” ते म्हणाले.

ते खरेच होते. त्यांना काहीच वाटत नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी तेल गिरणीचा बॉयलर सांभाळला होता. काटा लाल रेषेवर गेला की भट्टी बंद करायची, चर्चा मागाहून, हा तिथला नियम. साडेदहाच्या आत त्यांनी सगळे शेअर विकून टाकले.

त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडावरच्या पतसंस्थेत त्यांनी सात लाखांची ठेव ठेवली. व्याज साडेदहा टक्के. व्यवस्थापक नितेश हा शेजारच्या इंदूबाईंचा मुलगा. पावती देताना तो म्हणाला, “काका, आपल्या इथं रोज चढउतार पाहाचं कामच नाई.”

गिरणीतले जुने फिटर जैनुद्दीन चहाला आले, तेव्हा त्यांनी पावती उलटसुलट पाहिली.

“बँक बुडाली तं पाच लाखापर्यंत विमा अस्ते, भाऊ. या पतसंस्थेले काय हाये?”

“मानसं ओळखीची हायेत.”

“बॉयलरबी ओळखीचाच होता. तरी दर सोमवारी वॉल्व तपासाले तुमीच मले शिडीवर चढवत होते ना?”

भगवंतरावांनी बशी पुढे सरकवली. “चहा प्या, थंडा होऊन राहिला.”

नोव्हेंबरात पतसंस्थेच्या दारावर ठेवी काढण्यावर मर्यादा आल्याची सूचना लागली. भगवंतराव दोन तास रांगेत उभे राहिले. नितेशने मान वर केली नाही.

“मोठी कर्जं थकली, काका. महिन्याले पाच हजार भेटतीन. त्याच्यावर माह्या हातात काई नाई.”

“तुह्या मायचे किती हायेत?”

“चार लाख.”

भगवंतरावांनी पाच हजारांचा अर्ज सुवाच्य अक्षरात भरला, खाली सही केली आणि पेनाचे टोपण लावले. राग येईल म्हणून ते क्षणभर थांबले. आला नाही.

घरी आल्यावर त्यांनी आकांक्षाला फोन लावला. “ते अकरा कंपन्यांचे शेअर आज असते, तं किती झाले असते?”

“जाऊ द्या ना, बाबा.”

“आकडा सांग.”

“नऊ लाखाच्या वर.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग अमरावतीच्या दवाखान्याला कळवून शस्त्रक्रियेची तारीख रद्द केली. नवी तारीख कोणती लिहू, असे पलीकडच्या मुलीने विचारले. आता नको, एवढेच ते म्हणाले.

“काहून, डॉक्टर गावाले गेला काय?” सत्यवतीबाईंनी आतून विचारले.

“इथंच हाये.”

“मंग?” भगवंतरावांनी आत जाऊन अर्जाची पोच त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून त्या म्हणाल्या, “एकच गुडघा करू. मले कुठं शर्यतीत पळाचं हाये?”

मार्च २०२६ अखेर पतसंस्थेकडून परत मिळालेली रक्कम : पंचवीस हजार रुपये. बदललेले गुडघे : शून्य.