आबारावच्या होडीचा विमा

बहात्तरच्या दुष्काळात मुरुम गावाच्या अलीकडं तलावाचं काम निघालं, तेव्हा बनाबाईनं तिथं मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. तलावाचा तळ तिनं अनवाणी तुडवला होता. म्हणून पुढं पाणी भरल्यावर त्याची जितकी धास्ती तिनं घेतली, तितकी गावात कुणीच घेतली नाही. पाणी किती खोल आहे, ते तिला ठाऊक होतं.

आणि नवरा निघाला नेमका पाण्याचा नादी. आबाराव आधी मच्छीमार सोसायटीच्या होडीवर जाळं टाकायचा. पुढं त्यानं स्वतःची होडी केली. सकाळी मासे धरायचे आणि दुपारी कुणाला पलीकडं जायचं असलं, तर तसंच नेऊन सोडायचं. सिद्धम्मा म्हातारीची लेक शिवगंगा पलीकडच्या गावात दिलेली. सडकेचा वळसा म्हातारीच्या गुडघ्यांना झेपत नव्हता, त्यामुळं दर सोमवारी ती हक्कानं होडीत बसायची. बनाबाई मात्र कधी बसली नाही. काठावर उभी राहायची आणि होडी परत आलेली दिसली की घरी वळायची.

सोसायटीच्या सांगण्यावरून उमरग्याचे विमा एजंट गुरुलिंग एका रविवारी घरी आले. चहा पिता पिता त्यांनी समजावून सांगितलं, "नुसत्या होडीचा विमा घेतला, तर फुटली-बुडाली तर होडीची भरपाई मिळंल. त्याच्या वर होडीवाल्याचा घेता येतो. आणि बसणाऱ्या माणसांचाही घेता येतो. त्याला हप्ता थोडा जास्त पडतो."

"होडीवाल्याचा म्हंजी?" बनाबाईनं दारातून विचारलं.

"म्हणजे बाई, उद्या यांचं काही बरंवाईट झालं—"

"बास!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की गुरुलिंगांच्या बशीतला चहा हिंदकळला. "होडीचं काय करायचं ते करा. माणसाचं बोलू नका."

ती आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. गुरुलिंग "मंगळवारी येतो" म्हणून उठले. आबाराव आत आला.

"बने, विमा उतरवला म्हून माणूस मरत न्हाय गं."

"मला ऐकवत न्हाय, तर कशाला बोलता?"

मग तो तिच्याजवळ बसून लसूण सोलत राहिला.

सोमवारी उतरत्या उन्हात आबाराव सिद्धम्माला परत आणत असताना वारं सुटलं. बनाबाई काठावर होती. लाटांत होडी आडवी होताना तिनं पाहिली. ती चालत पाण्यात कमरेपर्यंत कधी शिरली, ते तिचं तिलाही कळलं नाही. होडी एकदाची काठाला लागली. म्हातारी चिंब भिजलेली. तिच्या काखेखाली ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब.

"यव्वा, ट्यूब येकच हुती," सिद्धम्मा थरथरत म्हणाली. "तुझ्या मालकानं ती मलाच घातली. नगं नगं म्हनलं, तर ऐकंना."

बनाबाईनं आधी म्हातारीला धरून काठावर बसवलं, आपल्या पदरानं तिचे केस पुसले. मग आबारावकडं वळली. "आन तुमाला कोण धरणार हुतं?" एवढं म्हणून ती त्याच्या ओल्या छातीवर डोकं टेकून रडली. लोक बघत होते, तरी तो तसाच उभा राहिला.

मंगळवारी गुरुलिंग आले, ते यावेळी जरा अंग चोरूनच बसले. बनाबाई आपणहोऊन पुढं आली.

"तिन्ही घ्या. होडीचा, ह्यांचा आन बसणाऱ्यांचा. म्हातारीची लेक वाट बघती तिकडं, म्हातारीचा जीव काय वाऱ्यावर हाय? पर विमा हाय म्हून वाऱ्यात होडी घालायची न्हाय. आन जितकी माणसं, तितक्या ट्यूबा."

"बरोबर आहे," गुरुलिंग म्हणाले. "एका वेळी किती जण बसतात?"

"तिघं लिवा," आबाराव म्हणाला.

"तिघं कोण? तुमी आन म्हातारी," बनाबाई म्हणाली.

"तू न्हाईस व्हय?"

"म्या कवा बसले?"

"बसली न्हाईस. पर तुझी जागा म्या कुणाला देत न्हाय. म्हातारीला बी म्होरच्या फळीवर बसवतो. इच्यार तिला."

बनाबाईनं मान खाली घातली. "लिवा तिघं," ती पुटपुटली.

विम्याचे कागद झाले आणि नव्या ट्यूबा आल्या. मग एका सोमवारी, वाऱ्याचा लवलेश नसताना, ती मधल्या फळीवर जाऊन बसली. पहिल्यांदा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. सिद्धम्मा तिचा हात धरून लेकीच्या घरची गाऱ्हाणी सांगत होती. आबाराव मुद्दाम सावकाश वल्हवत होता. बऱ्याच वेळानं बनाबाईनं डोळे उघडले. चहूकडं पाणीच पाणी. त्यावर पाणकोंबड्यांची एक रांग निवांत चालली होती.

"अवं," ती हळूच म्हणाली, "इतक्या लवकर काठाला लावू नका."