शेपूचा वास लागलेला झगा

मी बोलतोय तो न्यायमूर्ती एमेट वाखोल्झ यांचा काळा झगा. नाक मुरडू नका. वास येतोय तो शेपूचा आणि व्हिनेगरचा, आणि तो मी मानाने मिळवलाय.

जन्माने मी चर्चच्या गायकमंडळातला. एमेटच्या बायकोने, लोरीनने, मला उसवून नवऱ्याच्या मापाचं केलं. तेव्हा तो गावाकडचा साधा न्यायाधीश होता. पुढे गव्हर्नरने त्याला राज्याच्या सुप्रीम कोर्टात नेमलं. वॉशिंग्टनचं ते मोठं, सगळ्या देशाचं, आमचं आपलं मक्याच्या राज्याचं, पण रुबाब तोच. तिथे नवा झगा मिळत होता. लोरीन म्हणाली, "हा काय फाटलाय का?" झालं, मीच गेलो राजधानीला. वकील तावातावाने बोलत असायचे आणि एमेट माझ्या बाहीत लपवलेले खारे दाणे खात असायचा.

आमच्याकडे न्यायमूर्तींनाही मतदारांपुढे जावं लागतं. मतपत्रिकेवर एकच प्रश्न, याला ठेवायचं का? 'हो' म्हणजे खुर्ची, 'नाही' म्हणजे घर. त्या वर्षी एमेटची खुर्ची डळमळत होती. त्याने एका हायस्कूलचा जिंकलेला फुटबॉल सामना रद्द ठरवला होता. आमच्या लोकांकडून एक वेळ खून माफ होईल, पण हे नाही.

मत मागायची त्याला लाज. मग मित्रांनी त्याला गावच्या जत्रेत, मला घालून, शेपू-व्हिनेगरात मुरवलेल्या काकडीच्या लोणच्यांचा परीक्षक म्हणून उभं केलं. बरण्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. तिसऱ्या बरणीतला घास तोंडात गेला आणि एमेट थिजला. त्यात चेरीचं पान होतं. लोणच्यात चेरीचं पान घालणारी बाई पंचक्रोशीत एकच, आणि ती, म्हणजे आमची लोरीन, समोरच बसली होती. दरवर्षी पहिल्या नंबराची निळी फीत व्लास्टा कुबिचेकला मिळायची आणि लोरीन दुसरी यायची. या खेपेला तिला फीत हवीच होती.

नुसता आकडा उच्चारायचा होता हो! पण एमेटने काटा खाली ठेवला, मला अंगावरून उतरवलं. म्हणाला, "हे माझ्या बायकोचं लोणचं आहे. मला निकाल देता येणार नाही." मंडपात हशा पिकला. माझी बाही बरणीत बुडाली. दुसरा परीक्षक आला आणि फीत पुन्हा व्लास्टाकडे गेली.

गाडीने घरी परतलो. फाटकापाशी लोरीन म्हणाली, "एमेट, मी 'नाही'वर खूण करणार."

"तुझा हक्क आहे," हा म्हणाला. अरे बाबा, अशा वेळी माफी मागायची असते, कायदा सांगायचा नसतो!

बायकोच्या लोणच्यालाही न बधणारा माणूस म्हणून गोष्ट राज्यभर झाली आणि एमेट दणदणीत निवडून आला. लोरीनने मात्र 'नाही'च केलं, आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंही.

आता वयोमर्यादा झाली, एमेट घरी आहे. मी स्वयंपाकघराच्या दारामागे लटकतो. परवा काकड्या उतरल्या, तशी लोरीनने कपड्यांना डाग नकोत म्हणून मलाच अंगात घातलं. जुनी बरणी उघडून बशी नवऱ्यापुढे ठेवली.

"आता खुर्ची नाही, कोर्ट नाही. बोल."

एमेटने सावकाश चावलं आणि कोर्टात उभे राहतात तसा उठून उभा राहिला. "पहिला नंबर. तेव्हाही होता."

लोरीनने माझ्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, व्हिनेगर झोंबलं.

माझं एवढंच मागणं आहे, मला आता धुऊ नका.