गल्ल्यातलेच पैसे

"हे मंगळवारी बँकेत भरलेले पैसे कुठून आले?" लॉन्ड्रीच्या काउंटरवर या वर्षाचे कागद पसरून मी विचारलं.

लॉन्ड्रीवाले भाऊ गठ्ठ्याला चिठ्ठी टाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठून म्हणजे काय, ताई? गल्ल्यातलेच. आठवडाभर साठतात, मंगळवारी नेऊन भरतो."

"दर मंगळवारी?"

"वीस वर्षं झाली."

माझं पेन तिथंच थांबलं. गेल्या वर्षाचा त्यांचा हिशेब लिहिताना असे सगळे मंगळवार मी उत्पन्नात धरले होते, आणि बिलबुकातली रोजची विक्रीही धरली होती. म्हणजे एकच पैसा गल्ल्यात पडताना मी एकदा मोजला, आणि बँकेत जाताना पुन्हा एकदा. वर्षाअखेरी हिशेबात भलीमोठी रोकड उरली, तेव्हा ती घरखर्चात ढकलून दिली. ताळेबंद जुळला. मग स्वच्छ अक्षरात खाली नफा लिहून दिला.

"बरं झालं आलात," भाऊ म्हणाले. "चार वाजता सही आहे. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं दुकान घेतोय भाड्यानं. पाच वर्षांचा करार. तुमचा कागद बघूनच हिंमत केली."

मागे त्यांची बायको चक्क खुर्चीत बसली होती. एरवी मी वहिनींना इस्त्रीच्या टेबलाशी उभंच बघितलेलं, गुडघ्यांना पट्टे बांधून. आता टेबलाशी माझ्याच वयाची एक बाई होती, नवीन ठेवलेली.

"मला आधी पटतच नव्हतं," भाऊ सांगत होते. "एवढा नफा, मग पैसा दिसत का नाही? पण तुम्हीच समजावलंत ना. नफा वेगळा, हातातला पैसा वेगळा."

समजावलं होतं खरं. हिशेबाच्या क्लासच्या पुस्तकातल्या सातव्या धड्यातलं वाक्य होतं ते. या माणसाला वीस वर्षांच्या धंद्यानं जे बरोबर कळलं होतं, ते मी सहा महिन्यांच्या क्लासच्या जोरावर उडवून लावलं. "आलेच," म्हणून मी उठले.

घरी येईपर्यंत डोक्यात तिडीक. नोकरीसाठी अकरा ऑफिसांचे जिने चढले होते मी. क्लासात पहिली आले होते, तो कागद प्रत्येकानं बोटाच्या टोकानं बाजूला सारला. अनुभव? एकानं विचारलं, "इतकी वर्षं काय केलंत?" म्हटलं, घर चालवलं. हसला मेला. काम दिल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही. मग काय, बाहेरच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. क्लासच्या गणितात प्रत्येक ओळीत लिहिलेलं असतं, 'रोख बँकेत भरली'. बँकेच्या खऱ्या पावतीवर नुसता आकडा असतो. यांच्यापैकी एकाच्याही ऑफिसात महिनाभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं असतं ना, तर कुणीतरी खेकसलं असतं, "अहो बाई, हे गल्ल्यातलेच," आणि जन्माची शिकले असते.

पण ते अकराजण काही मला हा प्रश्न विचारायला बंदी करून गेले नव्हते. प्रश्न फुकट होता. मी विचारला नाही, कारण विचारलं तर हिला येत नाही असं दिसेल. त्याचा राग सगळ्यात जास्त होता, आणि तो कुणावर काढणार?

सगळं पुन्हा तपासलं. चूक होतीच.

नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी. त्यानं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राची घडी केली. "गप्प बस. पुढच्या वर्षी हळूच दुरुस्त कर. दुकान चालेलही त्यांचं."

"आणि नाही चाललं तर?"

"एकच तर गिऱ्हाईक आहे तुझं. ते चार जणांना सांगणार, की संपलं. मी आधीच म्हटलं होतं, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"म्हणजे मी टिकावं म्हणून त्यांनी बुडावं."

"मी असं म्हटलं का?"

"अहो, मग दुसरं काय म्हटलंत?"

मी चपला घातल्या.

साडेतीन वाजता भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघतच होते.

"सही करू नका," मी म्हटलं. "नफा तेवढा नाही. मी गल्ल्यातले पैसे दोनदा धरले."

"किती आहे मग?"

"त्या आकड्याचा चौथा हिस्साही नाही."

ते काउंटरला टेकले. "ताई, तुम्हाला अनुभव किती?"

"तुमचंच पहिलं काम."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दिलं असतंत काम?" माझा आवाज चढला. वास्तविक मला चढवायचा काही हक्क नव्हता.

"नसतं दिलं," ते म्हणाले. "आणि बरोबर केलं असतं. बयाणा दिलाय मी. तो आता कोण परत देतो?"

त्यांनी खिशाचं पेन काढून काउंटरवर ठेवलं. या वर्षाच्या कागदांची पिशवी माझ्यासमोरून उचलली, कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. मला ते कळलं; पुढचा हिशेब आता माझ्याकडे येणार नव्हता.

मागे वहिनी गुडघे धरून उठल्या. खुर्ची भिंतीला लावली आणि इस्त्रीच्या टेबलाशी गेल्या.

"उद्यापासून नका येऊ, बाई," त्या हळू म्हणाल्या. "झेपायचं नाही आम्हाला."

इस्त्रीवालीचा हात थांबला. "माझं काही चुकलं का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"तुमचं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तिला कसं कळावं? मी कोण हेही तिला ठाऊक नव्हतं. "आठच दिवस झाले," ती म्हणाली. "आत्ता कुठे कॉलर जमायला लागली होती."

टेबलावर शर्ट अर्धा झाला होता. तिनं तो उलटला, दुसरी बाही केली, कॉलर दोनदा दाबली, वरचं बटण लावून हँगरला अडकवला. मग इस्त्री बंद केली आणि वहिनींसाठी बाजूला सरकली.

"गरम आहे अजून," ती म्हणाली. "सांभाळून."