धुमेची कणीक

गेनूआबांच्या बोटांना डोळे आहेत, असं पाली गावात म्हणायचे. चाळीस वर्षं गावच्या कीर्तनाला पखवाज धरलेला माणूस. कातडं कुठं सैल पडलंय, वादी कुठं ढिली झालीय, नुसता हात फिरवून सांगायचे. सात वर्षांची नात सोनिया शेजारी पाय पसरून बसायची आणि आबा तिच्या पोटरीवर बोल वाजवून तिला ताल शिकवायचे. दिवाळीच्या आधी असंच वाजवताना त्यांचं बोट अडखळलं. पोटरीत आत टणक काहीतरी होतं, आवळ्याएवढं. दुखत मात्र नव्हतं.

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा नाव कळलं: रॅब्डोमायोसार्कोमा. स्नायू ज्या पेशींपासून घडतात त्यांचा कॅन्सर, लाखो मुलांत दोघा-चौघांना होणारा. आबांना ते नाव काही उच्चारता आलं नाही. त्यांच्या मनाला एकच टोचणी लागली, की आपल्याच बोटांनी मारून मारून पोरीला गाठ आणली. डॉक्टरीणबाईंना त्यांनी तसं विचारलंसुद्धा, मान खाली घालून.

"आजोबा, वाजवल्यानं किंवा मार लागून ही गाठ होत नाही. कुणाच्याच चुकीनं होत नाही. उलट तुमच्या बोटांमुळं लवकर सापडली," बाई म्हणाल्या.

तरी आबांनी त्या दिवसापासून पोटरीवर ताल धरणं सोडलं. मारुतीपुढं नवस बोलले, गाठ जाऊ दे, माघातल्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन माझ्याकडून आणि पखवाजही मीच वाजवीन.

केमोची चार सलाईनं झाली. पोरीचे केस गेले, तोंडात फोड आले, अन्नाचा वास नकोसा झाला. आणि गाठही गेली. आबांनी पोटरीवरून बोट फिरवून पाहिलं, एकदा नाही, दहादा. काही लागेना. स्कॅनमध्येही दिसेना.

"देव पावला!" गावभर झालं. आबांनी भोरला कीर्तनकार गंगाधरबुवांना फोन लावून काला पक्का केला. तारीख ऐकून सून अश्विनीचा चेहरा उतरला.

"मामा, त्याच दिशी तिचं पाचवं सलाईन हाय."

"आता कशाला सुया? गाठच न्हाई, तर औषध मारायचं कुणावर?"

"बाई म्हणल्या, हाताला लागत न्हाईत, फोटोत दिसत न्हाईत, अशा बारीक पेशी मागं राहत्यात. आजून सात-आठ म्हैनं जायचंय. मधी मशीनच्या किरनांचा शेकबी हाय. अर्ध्यात सोडलं आन ती परत आली, तर लई अवघड जाईल."

"माझ्या बोटांवर तुजा इश्वास न्हाई?"

"बोटं तुमची खोटी न्हाईत, मामा. पर त्या दिशी म्या तिला घिऊन जानार. चालत जावं लागलं तरी."

अश्विनीचा नवरा गोरख तेवढ्यात टेम्पोच्या चाकात हवा बघायला गेला. बाप आणि बायको यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाच्या टेम्पोला नेहमीच हवा कमी असते.

दोन दिवस घरात धुसफूस चालली. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा, आणि पोरीला पुन्हा त्या ओकाऱ्यांत ढकलायचं कसं, हेच आबांच्या डोक्यात.

मग सप्ताह सुरू झाला; काल्याला तीन दिवस राहिले होते. दुपारचं भजन आटोपून आबा पखवाज घेऊन ओट्यावर बसले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज घुमतो. भजन संपलं की ती काढून टाकायची. गर्दीत जायला सोनियाला बंदी, म्हणून हे काम तिनं मागून घेतलं होतं. डोक्याला रुमाल बांधून ती खरवडत होती.

"झालं आबा. एक कण न्हाई."

"वल्या फडक्यानं पूस."

"पुसलं की!"

"पुन्यांदा पूस."

"आता तर दिसतबी न्हाई. उगं कामाला लावताय मला."

"दिसत न्हाई म्हनूनच पुसायचं, बये. तरनेपनी म्या बी असाच घाईत ठिवला व्हता, सोच्छ दिसला म्हनून. कणीक छिद्रात बसती. डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, आन आठ दिसांनी बगतुया तर आक्ख्या कातड्याला कीड..."

आबा थांबले.

"मग काय झालं?" सोनियानं विचारलं.

आबा तिच्या पोटरीकडं बघत राहिले. मग उठून आत गेले. अश्विनी तांदूळ निवडत होती.

"किती वाजता निघायचं?"

"कुठं, मामा?"

"सलाईनला. म्याबी येनार."

अश्विनीनं सुपातली बोटं थांबवली. पदरानं डोळे पुसले. "पाचला," ती म्हणाली. "डबा तिघांचा करते."

बुवांना फोन करताना आबांचा आवाज बारीक झाला होता. "बुवा, नवस म्या बोललो आन म्याच नसनार. देव काय म्हनंल?"

"देव म्हणेल, गेनू पोरीपाशी आहे ते बरं आहे. गोरख यजमान म्हणून उभा राहील, पखवाज तुमच्या गावातला धनाजी धरेल. ताल सुटला तर मी सांभाळीन. गेल्या साली तुमचा सुटला तेव्हा सांभाळलाच की."

"माझा? कदी सुटला?"

"जा आता, आबा."

काल्याच्या सकाळी गोरखनं त्यांना टेम्पोतून नसरापूरला एसटीत बसवलं आणि तो कीर्तनाला माघारी गेला. दहाच्या सुमारास सोनियाच्या हाताला सलाईन लागलं. तेवढ्यात अश्विनीचा मोबाईल वाजला. गोरखनं देवळातून फोन चालू ठेवला होता. टाळ, बुवांचा चढा आवाज आणि मागं पखवाज. आबांनी फोनला हात जोडले.

सोनिया कान देऊन ऐकत होती. "धनाजीकाका घाई करतोय."

"करू दे. यील जाग्यावर."

"आबा, आजून किती सलाईनं?"

"तुज्या आयच्या वहीत लिवल्यात. समदी घ्यायची."

तिनं पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "मग हितं वाजवा."

आबांनी अश्विनीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तीन महिन्यांनी त्यांची बोटं ताल धरायला त्या पोटरीवर टेकली. इतकी हलकी, की ताल कळेना.

"जोरात की, आबा," सोनिया म्हणाली. "कीर्तनात झोपताय व्हय?"