हाड धरलं का

सकाळी चूळ भरली तर तळहातावर पांढरे कण आले. रव्याएवढे. एक दाढेखाली घेतला, तो कचकन वाजला. जबड्यात भरलेलं हाड बाहेर येत होतं.

पंधरवड्यामागं कळपातल्या एडक्यानं धडक दिली आणि माझा समोरचा दात मुळापर्यंत चिरला. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तो उपटला, खड्ड्यात हाडाची पूड भरली, वरून टाके घातले. म्हणाल्या, "ही पूड तुमच्या हाडात मुरली की तिथं स्क्रू बसवू, आजी. त्यावर दात." माझा ल्योक रामेश्वर कवळीच करा म्हणत होता. मी म्हटलं, वाटीत दात बुडवून निजायला मी काय तुझी सासू हाय?

आणि आता हे कण. माझी जाऊ छबुबाई, तिच्या हिरडीतूनही असंच काहीबाही यायचं. तिनं लपवलं. पुढं तिचा अर्धा जबडा काढला, मग तीही गेली. तिचं ते एका अंगाला बसलेलं तोंड मला चुलीच्या धुरातही दिसायला लागलं.

सून योगिता अंगण झाडत होती.

"आत्याबाई, तोंड कावून पांढरं पडलं?"

"तुज्या हातचा चहा पेले म्हून."

बोलले खरी, पण आवाज कापला. तिनं खराटा टाकला आणि सरळ माझी हनुवटी धरली. एरवी हात झटकला असता. आज मुकाट्यानं तोंड उघडलं.

"अगं बया! टाका सुटलाय की. बोट घातलं का तुमी?"

"मग बगू नको व्हय?"

कोकराचा पाय मोडला की मी बांबूच्या कांबी बांधते आणि रोज अंगठ्यानं दाबून बघते. खाली करकरलं तर हाड धरलं नाही, घट्ट लागलं तर धरलं. साऱ्या वाडीची जनावरं माझ्याकडं आणतात. मग स्वतःचंच हाड न दाबता कसं सोडायचं? रोज दाबत होते. काल करकरलं, म्हणून आणखी जोरात दाबलं.

रामेश्वरनं मेंढरं न्यायची पिकअप काढली. वाटभर त्याची बडबड.

"मेंढराची तंगडी आन माणसाचा जबडा एक हाय व्हय, आये?"

"तुजी तंगडी मोडली तवा कुणी बसवली व्हती रं? उड्या मारतूस की अजून."



डॉक्टरीणबाईंनी दिवा तोंडावर ओढला आणि ओठ वर करून हिरडी तपासली.

"ताप आला होता? पू? कडू चव?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बोट कुणी लावलं?"

रामेश्वर फरशीकडं बघायला लागला.

"मीच लावलं. हाड धरलं का न्हाई ते बगत व्हते."

"दाबून?"

"मग काय कान लावून ऐकू?"

त्या हसल्या नाहीत. माझ्या जबड्याचा एक्स-रे फोटो काढून पडद्यावर दाखवला. "वरची पूड गेली. खालची आहे. ओल्या भिंतीत बोट खुपसल्यासारखं केलंत तुम्ही."

"जबडा काढावा लागंल का?"

रामेश्वर दचकून माझ्याकडं बघायला लागला.

"कुणी सांगितलं असं?"

"आमच्या छबुबाईचा काढला व्हता."

"तो आजार वेगळा, आजी. तसं इथं काही दिसत नाही. पण खालचीही निसटली तर पुन्हा सगळं उकरून भरावं लागेल. तुमचं हाड मुळात पातळ. दुसऱ्यांदा धरेलच, असं मी सांगत नाही."

सुई टोचली. ओठ बधिर झाला. टाका ओढताना दुखलं नाही, पण दोरा सरकताना मला कळत होता.

"धरलं ते कळंल कसं मग?"

"दिवाळीनंतर फोटो काढू, तेव्हा."

"आन तवर?"

"तोवर नाही कळणार."

परतीच्या वाटेला रामेश्वर खड्डे चुकवत गाडी हाकत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. ओठाची बधिरी उतरत होती, आणि कितीही आवरली तरी जीभ हळूहळू त्या खड्ड्याकडं सरकत होती.